फाउंड्रीचा राउटर घरून उघडेपर्यंत

काम वीस मिनिटांचं होतं. त्याला अकरा दिवस लागले, ते एका काउंटरमुळे, आणि तो राग अजून गेलेला नाही.

गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं नेटवर्क मी बघतो, राहायला कोल्हापुरात, मंगळवार पेठेत. रात्रपाळीत काही अडलं की सुपरवायझरचा फोन येतो आणि मला हायवेनं गाडी हाणावी लागते. म्हणून तिथल्या मायक्रोटिक राउटरवर एसएसएच, म्हणजे लांबून लॉगिन करून कमांड द्यायची सोय, चालू केलं. कारखान्यातून लॉगिन झालं. घरी आलो तर नुसतं 'कनेक्शन टाइम्ड आउट'.

दोन संध्याकाळी फायरवॉलचे नियम उलटेपालटे केले. मग वॅनचा, म्हणजे राउटरच्या इंटरनेटकडच्या बाजूचा, पत्ता नीट पाहिला, तो 100.81 नं सुरू होत होता. सगळी गोम तिथेच होती. 100.64 ते 100.127 हा पट्टा 2012 मध्ये कॅरियर ग्रेड नॅटसाठी राखून ठेवलाय. म्हणजे एका पब्लिक आयपीमागे, इंटरनेटवरून थेट गाठता येणाऱ्या एकाच पत्त्यामागे, बरीच गिऱ्हाइकं. बाहेरून आलेली जोडणी प्रोव्हायडरच्याच यंत्रावर अडते, आपण आपल्या राउटरवर पोर्ट कितीही फॉरवर्ड करा, म्हणजे बाहेरच्या जोडणीला आत वाट करून द्या. तुमच्या वॅनचा पत्ता आधी बघा, माझ्या दोन संध्याकाळी तुमच्या वाचतील.

प्रोव्हायडरच्या ऑफिसात गेलो. "नेट चालतंय न्हवं साहेब? मग अडचण काय?" स्टॅटिक, म्हणजे न बदलणाऱ्या पब्लिक आयपीचा अर्ज, लेटरहेड, जीएसटीचं सर्टिफिकेट, सगळं दिलं. दुसऱ्या दिवशी अर्ज परत आला. शिक्का लेटरहेडवर होता, अर्जावर नव्हता. शिक्का मारून दिला तर संबंधित माणूस रजेवर. मग तीन दिवस "वरनं मंजुरी यायची हाय". सहाव्या दिवशी मेसेज आला, तुमच्या तक्रारीचं निवारण झालं आहे. कसलं निवारण? चौकशी केली तेव्हा कळलं, माझा अर्ज त्यांनी 'स्पीड कमी' म्हणून नोंदवला होता. स्पीड तपासला, बरोबर निघाला, तक्रार बंद. पुन्हा पहिल्यापासून रांग.

शेवटी वॅनच्या पानाची प्रिंट काढली, त्या 100.81 ला लाल पेनानं गोल केला आणि काउंटर सोडून थेट आतल्या इंजिनिअरसमोर ठेवली. त्यानं एका नजरेत ओळखलं. संध्याकाळी पीपीपीओई, म्हणजे राउटरचं प्रोव्हायडरकडचं लॉगिन, तोडून परत जोडलं, नवा पत्ता आला. तुम्ही जाल तेव्हा अर्जावर 'पब्लिक' हा शब्द ठळक लिहा आणि नोंद कशाखाली केली ते तिथल्या तिथं वाचून घ्या. आयपी देतच नसतील तर पब्लिक आयपी असलेला छोटा सर्व्हर भाड्यानं घ्या आणि राउटरलाच तिकडे वायरगार्डनं, म्हणजे एका व्हीपीएननं, जोडू द्या.

पब्लिक आयपी मिळाल्याच्या रात्रीच लॉगमध्ये रूट नावानं लॉगिनच्या फसलेल्या प्रयत्नांची रांग लागली. पोर्ट 22, म्हणजे एसएसएचचं दार, जगाला उघडं ठेवू नका. मी वायरगार्ड लावलं, एसएसएच फक्त त्याच्या आतून, तेही पासवर्डऐवजी 'की' फाइल वापरून. मूळचा ॲडमिन युजर बंद केला. आणि हो, लांबून फायरवॉलला हात लावण्याआधी राउटरच्या टर्मिनलमध्ये कंट्रोल-एक्स दाबून सेफ मोड घ्या. जोडणी तुटली तर बदल आपोआप मागे जातात. मी एकदा घेतला नाही, आणि रात्री अकराला गोकुळ शिरगाव गाठावं लागलं.

परवा रात्री दीडला वजनकाट्याचा कॉम्प्युटर नेटवर्कमधून गेला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडला, काट्याच्या कॉम्प्युटरची वायर जिथे लागते तो पोर्ट बंद करून चालू केला. सुपरवायझर फोनवरच होता. "आलं सर, पावती निघाली."