पाय मोडलेले मुक्ताईनगर आणि एका शब्दाचा अभिप्राय

जळगाव हे अजिंठा लेण्यांसाठीचे सोयीचे रेल्वे स्थानक असल्यामुळे येथून पर्यटकांसाठी गाड्या चालवणाऱ्या एका व्यावसायिकाने मला संकेतस्थळ करायला दिले. अभिप्रायांचे पान मराठी, हिंदी, इंग्रजी आणि जपानी अशा चार भाषांत चालायला हवे होते. प्रत्येक अभिप्राय पानावरच्या छोट्या चौकटीत, म्हणजे कार्डावर, बसावा म्हणून लांब मजकूर तोडणे हे काम मी अर्ध्या तासाचे धरले होते.

पहिल्याच आठवड्यात मालकांचा फोन आला. "भाऊ, आमच्या मुक्ताईनगरचा पाय कोणी मोडला?" पाहिले तर अभिप्रायाच्या कार्डावर गावाचे नाव 'मुक्' एवढेच उरले होते आणि पुढे तीन टिंबे होती. मी चाळीस 'अक्षरां'नंतर मजकूर कापत होतो; पण संकेतस्थळासाठी वापरलेल्या जावास्क्रिप्ट या संगणकभाषेतली लांबी ही यूटीएफ-16 ची, म्हणजे संगणकात मजकूर साठवण्याच्या एका पद्धतीची, एकके मोजते, आणि त्या हिशेबात काना, उकार, हलन्त (पाय मोडल्याची खूण) हे सगळे वेगवेगळे धरले जातात. 'मुक्ताईनगर' आपण मु, क्ता, ई, न, ग, र असे सहा अक्षरांत वाचतो, संगणकाला मात्र तेथे दहा एकके दिसतात, आणि माझी कात्री नेमकी चौथ्यावर, म्हणजे हलन्तावर, पडली होती.

उपाय ब्राउझरमध्येच होता. मजकुराचे तुकडे करणाऱ्या जावास्क्रिप्टच्या 'इंटल.सेगमेंटर' या साधनाला 'ग्राफीम' (अक्षर) हा प्रकार सांगितला की तो वाचकाला दिसणाऱ्या अक्षरांप्रमाणे तुकडे देतो. तरीही सर्व्हरवरच्या याच साधनाच्या जुन्या आवृत्तीने 'क्ता'चे 'क्' आणि 'ता' असे दोन भाग केले, तर माझ्या ब्राउझरने तो एकच धरला. देवनागरीतील जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम यूनिकोडच्या, म्हणजे जगभरच्या लिप्यांसाठीच्या संगणकीय मानकाच्या, मूळ नियमावलीत 2023 सालच्या 15.1 या आवृत्तीत आला, हे तेव्हा समजले. त्यानंतर कापण्याचे काम मी एकाच ठिकाणी, ब्राउझरमध्ये, ठेवले. फायरफॉक्समध्ये सेगमेंटरची सोय एप्रिल 2024 मध्ये, 125 व्या आवृत्तीत आली. त्याहून जुन्या ब्राउझरसाठी कार्डावर पूर्ण मजकूर दाखवणे मी पसंत केले.

जपानी पाहुण्यांची तक्रार वेगळी होती. अर्जात किमान दहा शब्दांची अट होती आणि मी शब्द मोजत होतो रिकाम्या जागेवरून. जपानीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, त्यामुळे चांगल्या चार ओळी लिहिणाऱ्या पाहुण्याला आमचा अर्ज नम्रपणे सांगत होता की आपण एकच शब्द लिहिला आहे. सेगमेंटरचा 'वर्ड' (शब्द) हा प्रकार निवडल्यावर शब्दकोशाच्या आधाराने शब्द वेगळे झाले, आणि विरामचिन्हे व जागा वगळण्यासाठी प्रत्येक तुकड्यासोबत येणारी 'इजवर्डलाइक' ही खूण वापरली. मोजणी काटेकोर असतेच असे नाही, पण दहाच्या अटीला ती पुरते.

मला सर्वांत जास्त दमवले ते मराठी वाक्यांनी. कार्डावर पहिली दोन वाक्ये दाखवावीत म्हणून 'सेंटेन्स' (वाक्य) हा प्रकार लावला, आणि "मु. पो. फैजपूर, ता. यावल, जि. जळगाव" या एका पत्त्याची पाच वाक्ये झाली! इंग्रजीत टिंबानंतर लहान लिपीतले अक्षर आले तर वाक्य संपलेले नाही असे नियमाला ओळखता येते. देवनागरीत लहान-मोठी लिपीच नसल्यामुळे टिंब आणि जागा दिसताच तो वाक्य तोडतो. भाषेचा कोड 'एमआर', म्हणजे मराठी, दिला तरी फरक पडला नाही. शेवटी मु., पो., ता., जि., डॉ., श्री., सौ., रु. अशी यादी हाताने केली आणि तुकड्याचा शेवट यांपैकी एकाने होत असेल तर तो पुढच्या तुकड्याला जोडला.

अहिराणीत आलेल्या अभिप्रायांसाठी वेगळे काहीच करावे लागले नाही, कारण अक्षरे तोडण्याचे नियम लिपीवर चालतात आणि तिचीही लिपी देवनागरीच आहे.

एक दोष मात्र जाणूनबुजून ठेवला आहे. कोणी "भाडे झाले 2500 रु." असे लिहून वाक्य खरोखरच तेथे संपवले, तर पुढचे वाक्य त्याला चिकटते आणि कार्ड एका ओळीने वाढते. मालकांना ते दाखवले. भाड्याचा आकडा पूर्ण दिसतो आहे ना, एवढेच त्यांनी पाहिले.