इतवारीतला खांब

"मॅडम, खांब सडून गेला. पोरं म्हणतात, पाडून टाका. तुम्ही एकदा पाहून घ्या, मग मी सही करतो."

नागपूरच्या इतवारीत सराफा ओळीजवळच्या त्या दुमजली दुकानाचे मालक सत्तरीचे. आम्ही सगळे त्यांना काकाजी म्हणायचो. खाली गाळा, वर राहती जागा आणि रस्त्यावर आलेला सागवानी सज्जा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते, तेव्हा त्यांच्या घरच्या तीन पिढ्या त्या सज्ज्यात दाटीवाटीने उभ्या राहिल्यात.

जुन्या इमारतींची मोजमापं घेऊन दुरुस्ती सुचवणं हे माझं काम. आधी दुकानावरचा फ्लेक्स उतरवायला लावला. मागे अख्खी दर्शनी बाजू झाकलेली होती! तुळईला पेलणारे कोरीव हस्त, म्हणजे लाकडी आधार, त्यांवर कमळाच्या पाकळ्या, वर ऑइलपेंटचे थर. नखाने एक पाकळी खरवडली, तर आत तपकिरी सागवान तसंच. इतवारी ही भोसल्यांच्या काळापासूनची पेठ. 1854 साली राज्य खालसा झालं, 1867 साली रेल्वे आली, तरी ठोक व्यापार इथे आजही चालतो. अशी दुकानं त्या व्यापाराचा चेहरा आहेत, असं मला मनापासून वाटतं.

मग खांब. मिस्त्रींनी पेचकस टोचत खालून वर जायला सुरुवात केली. तळाशी पेचकस मुठीपर्यंत आत गेला, ओला भुसा बाहेर आला. काकाजींनी मान फिरवली. एक वीत वर पुन्हा आत. दीड फुटावर मात्र पेचकस ठणकन अडला. तिथून तुळईपर्यंत मिस्त्री टोचत गेले. पुढे कुठेच तो रुतला नाही.

"वाळवी नाही हो ही, पाणी आहे," मिस्त्री म्हणाले.

पाणी कुठून? मी बाहेर टेप लावला. डांबराचे थर चढत चढत रस्ता दुकानाच्या ओट्यापेक्षा नऊ इंच वर आला होता. खांबाचा दगडी तळखडा सिमेंटच्या फरशीखाली गाडला गेला होता. पावसाळ्यात आलेलं पाणी तिथेच साचायचं. भिंतीला लावलेल्या सिमेंटच्या गिलाव्यामुळे ओल बाहेरही पडत नव्हती. चुन्याच्या गिलाव्यातून ती सुकत गेली असती.

काकाजींना तिथेच बसून सांगितलं. तुळईला जॅकचा आधार द्यायचा, कुजलेला भाग कापायचा, जुन्या सागवानाचा तुकडा सांध्याने जोडायचा. तळखडा उघडा करून वर उचलायचा, पुढे पाण्याला वाट काढायची, गिलावा चुन्याचा. या घरांचा भार खांब-तुळयांच्या सांगाड्यावर असतो, म्हणून एक खांब असा बदलता येतो.

ते बराच वेळ त्या उघड्या पडलेल्या हस्ताकडे बघत राहिले. "माझ्या बाबांनी हे कधी दाखवलं नाही," म्हणाले. "त्यांनी तरी पाहिलं होतं का, कोण जाणे."

फ्लेक्स परत टांगायला पोरगा शिडी घेऊन आला, तेव्हा काकाजींनीच त्याला थांबवलं. "राहू दे रे. आधी खांबाचं होऊ दे."