मशीनमध्ये शून्य आलं, तरीही

परवा शनिवारी रात्री मेलबर्नमध्ये पोलिसांनी माझी गाडी बाजूला घेतली. फुंकायला लावलं, शून्य आलं. मी निघणार तेवढ्यात पोलीसबाईंनी एक छोटी पट्टी पुढे केली, "जिभेवरून फिरवा." पुढची काही मिनिटं मी काचेवरचा पाऊस बघत बसले. मग "जा" म्हणाल्या. इथे व्हिक्टोरिया राज्यात डिसेंबर २००४ पासून रस्त्यावर लाळेची अशी तपासणी होते. गांजा, एक्स्टसी आणि इथे ज्याला आइस म्हणतात ते मेथॅम्फेटामाइन त्यात सापडतं.

हे लालबागच्या भाच्याला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, "मावशी, आपल्याकडे नाकाबंदीला नुसतं फुंकायला लावतात. म्हणून तर माझे दोन मित्र दारू घेतच नाहीत, एमडी घेतात. झोप उडते, गाडी मस्त चालवतात."

एमडी म्हणजे मेफेड्रोन, झोप उडवणारा अमली पदार्थ. त्या "मस्त"ने माझ्या पोटात गोळा आला.

अरे, मस्त चालत नाही, घेणाऱ्याला तसं वाटतं! डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, समोरचे हेडलाइट डोळ्यांत घुसतात. दोन ट्रकमधल्या फटीतून आपण सहज निघू अशी खात्री वाटते. दारूवर घेतली तर दारू उतरत नाही, चढलीय हे कळेनासं होतं फक्त. पण मला खरी धास्ती आहे ती नशा उतरतानाची. उडालेली झोप कुठे जात नाही, साठत राहते. पहाटे मुंबईच्या ईस्टर्न फ्रीवेवर, रिकाम्या सरळ रस्त्यावर, शरीर ती एकदम वसूल करतं. ताशी नव्वदच्या वेगाने गाडी सेकंदाला २५ मीटर जाते. चार सेकंद डोळा लागला की शंभर मीटर गाडी कोणीच चालवत नसतं.

कायद्यातूनही सुटका नाही. भारतातल्या मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ दारूइतकंच अमली पदार्थांनाही लागू आहे. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. शिवाय एमडी २०१५ पासून एनडीपीएस या अमली पदार्थांविरुद्धच्या कायद्यात आहे. नुसतं जवळ सापडलं तरी गुन्हा.

"त्यांच्या गाडीत तू कुठे बसतोस?" मी विचारलं.

तो जरा वेळ गप्प राहिला. "पुढे. चालवणाऱ्याच्या शेजारी."

"यापुढे बसू नकोस, राजा. पहिल्या लोकलपर्यंत थांब, नाहीतर टॅक्सी कर, पैसे मी पाठवते. आणि मला फोन कर. तुझे पहाटेचे चार वाजतात तेव्हा इथे सकाळ झालेली असते, मी जागीच असते."