पुण्याचे खासदार एका फलकावर आणताना: माझा अनुभव

आमच्या पेठेतल्या वाचनालयात जिन्याच्या भिंतीवर एक जुना फलक होता. 'पुण्याचे लोकसभा सदस्य' असं त्यावर लिहिलेलं. पिवळा पडलेला, खालचा कोपरा ओल लागून फुगलेला, आणि शेवटचं नाव 1999 सालचं. 2024 च्या दिवाळीनंतर भिंतीला रंग द्यायचं ठरलं तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "ताई, तुम्ही बँकेत होतात, तुमचं काम चोख असतं. 25 जानेवारीला मतदार दिन आहे, तोवर नवा फलक लावू. नावं तेवढी तपासून द्या."

नावं तपासणं म्हणजे दोन दुपारचं काम, असं मला वाटलं होतं. त्याला अडीच महिने लागले. कुणाला आपल्या गावाच्या लोकप्रतिनिधींची यादी करायची असेल, तर आमच्या अडचणी आणि त्यातून काढलेले मार्ग उपयोगी पडतील, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली गाठ गाडगीळांपाशी बसली. जुन्या फलकावर 'श्री. गाडगीळ' एकदाच होते आणि त्यांच्यापुढे 1952, 1980, 1984, 1989 अशी चार सालं होती. मी ते तसंच उतरवून घेतलं. रात्री जेवताना मनात आलं, 1952 ला निवडून आलेले काकासाहेब 1989 ला कसे उभे राहतील? ते तर 1966 सालीच गेले. दुसऱ्या दिवशी निवडणूक आयोगाचे जुने सांख्यिकी अहवाल उघडले आणि उलगडा झाला. 1952 चे न. वि. गाडगीळ, म्हणजे नरहर विष्णू, काकासाहेब. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या केंद्रीय मंत्रिमंडळातले मंत्री. आणि 1980, 1984, 1989 असे सलग तीनदा निवडून आलेले ते वि. न. गाडगीळ, म्हणजे विठ्ठल नरहर, त्यांचे चिरंजीव. आद्याक्षरं उलटी झाली आणि बापलेक एकाच ओळीत जाऊन बसले. कुणीतरी वीसेक वर्षांपूर्वी घाईत केलेली ती चूक, आणि आम्ही सगळे रोज तिच्यासमोरून जिना चढत होतो. त्या दिवसापासून मी नियम केला: आद्याक्षरं लिहायची नाहीत, प्रत्येकाचं पूर्ण नाव लिहायचं. फक्त एसेम जोशींच्या बाबतीत अध्यक्षांनी हट्ट धरला, कारण श्रीधर महादेव जोशी म्हटलं तर निम्म्या पुण्याला कळणार नाही. तिथे कंसात 'एसेम' घातलं.

दुसरी अडचण सालाची. आयोगाच्या अहवालावर पहिल्या निवडणुकीचं साल 1951 आहे, आपण सगळे 1952 म्हणतो. मतदान ऑक्टोबर 1951 ते फेब्रुवारी 1952 असं टप्प्याटप्प्याने झालं होतं, त्यामुळे दोन्ही बरोबर. लोकसभा 1952 मध्ये अस्तित्वात आली, म्हणून आम्ही 1952 धरलं.

पण त्याच पहिल्या अहवालात मला एक नाव सापडलं, जे जुन्या फलकावर नव्हतंच. इंदिरा अनंत मायदेव. पहिल्या निवडणुकीत 'पुणे' नावाचा एकच मतदारसंघ नव्हता. 'पूना सेंट्रल' मधून काकासाहेब गाडगीळ निवडून आले आणि 'पूना साउथ' मधून इंदिराबाई मायदेव, दोघंही काँग्रेसचे. पुढे मतदारसंघांची फेररचना झाली, 'साउथ' हे नाव गेलं, आणि नावाबरोबर बाईही यादीतून गेल्या.

मंडळाच्या बैठकीत यावर बरीच चर्चा झाली. एका काकांचं म्हणणं, आताचा पुणे मतदारसंघ 'सेंट्रल' चा वारस आहे, 'साउथ' घेतला तर यादी सरळ राहत नाही. त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. मी त्यांना एवढंच दाखवलं की 1952 पासून 2024 पर्यंत अठरा सार्वत्रिक निवडणुका झाल्या आणि पुण्याच्या नावाने लोकसभेत गेलेल्या चौदा जणांत बाई एकच, ती म्हणजे इंदिराबाई. त्यांना वगळलं तर फलकावर एकाही बाईचं नाव उरत नाही. दुपारी वाचनालयात येणाऱ्या निम्म्याहून जास्त वाचक बायका आणि मुली आहेत. काका थोडा वेळ कागद बघत राहिले आणि म्हणाले, "घ्या. मतदारसंघाचं नाव मात्र शेजारी लिहा." तसंच केलं. मला त्या संध्याकाळी फार बरं वाटलं.

मग पक्षाचा रकाना. हा सगळ्यात सोपा असेल असं वाटलं होतं, आणि तोच सगळ्यात अवघड निघाला. 1957 ला पुण्यातून नारायण गणेश गोरे, म्हणजे नानासाहेब, काकासाहेब गाडगीळांना हरवून गेले. ती लाट संयुक्त महाराष्ट्र समितीची होती, हे पुण्यात लहान पोरालाही माहीत असतं. पण समिती ही अनेक पक्षांची आघाडी. कागदावर गोऱ्यांचा पक्ष प्रजा समाजवादी. 'समिती' असं लिहावं तर अहवालाशी जुळत नाही, नुसतं 'प्रजा समाजवादी' लिहावं तर त्या निवडणुकीचा अर्थच हरवतो. शिवाय हे तेच नानासाहेब, जे 1955 ला गोवामुक्तीसाठी सत्याग्रहींची तुकडी घेऊन गेले, पोर्तुगिजांच्या तुरुंगात पडले, 1957 ला सुटून आले आणि त्याच वर्षी लोकसभेत पोचले. शेवटी आम्ही दोन्ही लिहिलं: 'प्रजा समाजवादी (संयुक्त महाराष्ट्र समिती)'. एसेम समितीचे सरचिटणीस होते, पण ते पुण्यातून लोकसभेत गेले 1967 ला, संयुक्त समाजवादी पक्षातर्फे. त्याआधी 1962 ला शंकरराव शांताराम मोरे, काँग्रेसचे. हेच मोरे 1952 ला सोलापुरातून शेतकरी कामगार पक्षाचे खासदार होते.

1977 च्या अहवालात मोहन धारियांच्या नावापुढे 'बीएलडी' असं आलं आणि मी गोंधळले. धारिया जनता पक्षाचे, मोरारजींच्या सरकारात व्यापारमंत्री. हे बीएलडी काय? वाचनालयातल्या जुन्या बांधीव अंकांच्या गठ्ठ्यात एक दुपार घालवली. कागद इतका ठिसूळ की पान उलटताना खालून पुठ्ठा सरकवावा लागायचा, आणि बोटांना पिवळी भुकटी लागायची. तिथं उत्तर मिळालं. जनता पक्ष घाईघाईत उभा राहिला, स्वतंत्र चिन्ह नव्हतं, म्हणून त्याच्या उमेदवारांनी भारतीय लोकदलाचं नांगरधारी शेतकऱ्याचं चिन्ह घेतलं. आयोगाच्या कागदावर म्हणून ते लोकदलाचे. आमच्या फलकावर 'जनता पक्ष' असंच लिहिलं आहे.

धारियांची गोष्ट मी पोरांना आवर्जून सांगते. 1971 ला ते काँग्रेसतर्फे पुण्यातून निवडून आले, एसेमना हरवून. मंत्री झाले. जयप्रकाशांशी बोलणी करा असं जाहीरपणे म्हणत राहिले म्हणून मार्च 1975 मध्ये त्यांचं मंत्रिपद गेलं, आणीबाणीत तुरुंगवास झाला. 1977 ला त्याच पुण्याने त्यांना दुसऱ्या पक्षातून पुन्हा पाठवलं. नाव तेच, शहर तेच, पक्ष वेगळा. फलकावर त्या दोन ओळी एकाखाली एक आल्या आहेत.

पुढचं भरभर झालं, कारण आठवणीच होत्या. 1991 ला विठ्ठलराव गाडगीळांना हरवून अण्णा जोशी, भाजपचे पुण्यातले पहिले खासदार. 1996 ला सुरेश कलमाडी, काँग्रेस. 1998 ला विठ्ठल तुपे, काँग्रेस. कलमाडी तेव्हा अपक्ष होते, युतीच्या पाठिंब्यावर, आणि पडले. 1999 ला काँग्रेस आणि राष्ट्रवादी समोरासमोर लढल्या आणि भाजपचे प्रदीप रावत आले. 2004 आणि 2009 पुन्हा कलमाडी, पुन्हा काँग्रेस. 2014 ला अनिल शिरोळे, 2019 ला गिरीश बापट, दोघंही भाजप. 'पुणे अमक्या पक्षाचा बालेकिल्ला' हे वाक्य मी आयुष्यभर दोन्ही बाजूंनी ऐकत आले. यादी एका कागदावर आल्यावर ते वाक्य मला कुठल्याच बाजूने म्हणवत नाही.

आणि मग ती ओळ आली, जिच्यावर आम्ही सगळ्यात जास्त दिवस अडलो.

बापट 29 मार्च 2023 ला गेले. कसब्याचे पाच वेळचे आमदार, मग पुण्याचे खासदार. लोकसभेची मुदत संपायला तेव्हा वर्षाहून जास्त काळ होता. कायद्याप्रमाणे जागा रिकामी झाली की सहा महिन्यांत पोटनिवडणूक व्हायला हवी. मुदत वर्षापेक्षा कमी उरली असेल किंवा निवडणूक घेणं अवघड आहे असं आयोगाने प्रमाणित केलं तरच सूट. पोटनिवडणूक झाली नाही. 13 डिसेंबर 2023 ला मुंबई उच्च न्यायालयाने ती तातडीने घ्यायला सांगितलं, आणि 8 जानेवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. 4 जून 2024 ला मुरलीधर मोहोळ निवडून आले तोवर चौदा महिने पुण्याला लोकसभेत कुणी नव्हतं.

मला हे फार लागलं होतं, कारण त्याच्या जरा आधीचंच उदाहरण आमच्या डोळ्यांसमोर होतं. कसब्याच्या आमदार मुक्ता टिळक 22 डिसेंबर 2022 ला गेल्या आणि 26 फेब्रुवारी 2023 ला तिथे मतदानही झालं. रवींद्र धंगेकर निवडून आले. एका पेठेच्या मतदारसंघासाठी दोन महिन्यांत निवडणूक झाली आणि अख्ख्या शहराची जागा तशीच राहिली.

बहुतेकांचं म्हणणं, 2019 बापट, 2024 मोहोळ, झालं. फलकावर निवडणुकीची सालं आहेत, मधला काळ कशाला? मी म्हटलं, आपण फलकावर 'पुण्याचे लोकसभा सदस्य' असं लिहितो. त्या चौदा महिन्यांत सदस्य नव्हता, मग तसं लिहायला नको? उद्या एखादं पोर 2019 ते 2024 एकाच नावाखाली वाचेल आणि तेच खरं धरून चालेल. बापलेकांची ती चूक अशीच तर भिंतीवर टिकली. तीन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीत, इंदिराबाईंच्या नावाला आधी हरकत घेणारे काकाच माझ्या बाजूने बोलले.

पेंटर जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आला. हातात ब्रश, कानावर खडू, आधी दोरीने खडूच्या रेघा मारून घेतल्या. एकेक ओळ काळ्यावर पांढऱ्या रंगात उतरत गेली. बापटांच्या खाली तो थांबला. "ताई, इथं नाव राहिलंय." मी त्याला कागद दाखवला: '29 मार्च 2023 ते 4 जून 2024: जागा रिक्त'. त्याने विचारलं, "हे बारीक काढू का?" मी सांगितलं, बाकीच्या ओळींएवढंच काढा.

फलक लागला. पहिल्याच दिवशी हडपसरहून येणारे एक सभासद म्हणाले, "यात माझा खासदार कुठाय?" खरंच आहे. 2009 पासून हडपसर शिरूरला जोडलेलं, आणि मी राहते ती धायरी खडकवासल्यातून बारामतीला. महापालिकेचं पाणी पितो, कर पुण्याला भरतो, मत मात्र दुसरीकडे. पुणे मतदारसंघात आता वडगाव शेरी, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, पुणे कॅन्टोन्मेंट आणि कसबा पेठ एवढेच सहा भाग आहेत. म्हणून शेजारी एक छोटी फळी करतो आहोत. शिरूरची दोन नावं, शिवाजीराव आढळराव पाटील आणि अमोल कोल्हे. बारामतीचं 2009 पासून एकच, सुप्रिया सुळे. मावळची पिंपरी-चिंचवडच्या सभासदांनी मागितली आहे. ती नावं तपासायला घेतली आहेत, पूर्ण नावांसकट.