काही नाही, असे मी म्हणालो

काल रात्री दादाचा फोन आला तेव्हा होम्स ब्रदर्स या अमेरिकन बँडचा 'ब्रदरहूड' हा अल्बम चालू होता. "मागे काय लावलं आहेस रे?" असे त्याने विचारले आणि मी "काही नाही" म्हणून आवाज बंद केला. घडले ते एवढेच. पण त्या दोन शब्दांमुळे नंतर झोप आली नाही.

काही नाही कसे? शर्मन आणि वेंडेल होम्स हे व्हर्जिनियातल्या क्राइस्टचर्चचे सख्खे भाऊ. ते शिक्षक आईवडिलांच्या घरात वाढले, शनिवारी रात्री एका नातलगाच्या गुत्त्यात ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचे दुःखाचे संगीत, वाजवत आणि रविवारी सकाळी चर्चमध्ये देवाची गाणी गायला उभे राहत. म्हणूनच त्यांच्या ब्लूजमधली तक्रारसुद्धा प्रार्थनेच्या सुरात येते, आणि मी या अल्बमकडे पुन्हा पुन्हा वळतो ते त्यासाठीच. वेंडेलचा आवाज घोगरा, खरवडल्यासारखा. शर्मनचा त्याच्या बेस गिटारइतकाच खालचा. आणि त्या दोघांच्या वर ड्रम वाजवणाऱ्या पॉप्सी डिक्सनचा पातळ, उंच स्वर. पॉप्सी रक्ताचा भाऊ नव्हता. तो १९६७ मध्ये भेटला आणि १९७९ मध्ये तिघांचा बँड उभा राहिला. पण तीन आवाज एकत्र येतात तेव्हा कोण सख्खा आणि कोण नाही, हे कानाला सांगता येत नाही.

हे सगळे दादाला सांगण्यासारखे होते. तरीही काही नाही! रात्री मी स्वतःची समजूत घातली की तो कधी काही विचारतच नाही, फोन ठेवल्यावर एकटा उरतो तो मीच, आणि घराच्या कागदांपासून... तो विषय आज नको. पण काल तर त्याने विचारले होते.

खरे कारण मला ठाऊक आहे. वेंडेल धाकटा. २००८ मध्ये त्याला कर्करोगाचे निदान झाले आणि त्यानंतरही तो गात राहिला. 'ब्रदरहूड' २०१४ चा आहे. त्याच वर्षी तिघांना नॅशनल हेरिटेज फेलोशिप हा अमेरिकेचा लोककलावंतांसाठीचा राष्ट्रीय सन्मान मिळाला. २०१५ च्या जानेवारीत पॉप्सी गेला आणि जूनमध्ये वेंडेल. १९३९ मध्ये जन्मलेला थोरला शर्मन मागे राहिला आणि त्याने २०१७ मध्ये 'द रिचमंड सेशन्स' हा अल्बम काढला, ज्यात मी अजूनही वेंडेलची जागा शोधत बसतो. गाण्याबद्दल बोलायला लागलो असतो तर हेही सांगावे लागले असते, आणि मग कपाटातल्या त्या रिपोर्टपर्यंत यायला फार वेळ लागला नसता. दादाला ते अजून माहीत नाही. म्हणून काही नाही.

हे लिहिताना आत्ता आठवते आहे की फोन ठेवण्यापूर्वी, वहिनींना काहीतरी विचारायला तो वळला तेव्हा, दादा गुणगुणत होता. मी बंद केलेल्याच गाण्याची ओळ होती ती, आणि लहानपणी गुरुवारच्या भजनात तो माझ्या आवाजाखाली धरायचा तशीच खालच्या सप्तकात. म्हणजे त्याने ऐकले होते, आणि मी काही नाही म्हटल्यावरही ते मनात ठेवले होते.

आज शनिवार. फोन उद्या येईल. तेव्हा गाणे चालू ठेवीन.