माळ चीनची, पण चीनमधली नव्हे

चौकोनी भोकाची नाणी दोरीत ओवून कुणी काउंटरवर ठेवली की मी अक्षरांआधी कडा बघतो. फेंगशुईचा माल असला तर तिथेच कळतं: कडा कोऱ्या, सगळी नाणी एका मापाची, एकाच सम्राटाची. जुनी कॅश नाणी, म्हणजे चीनकडची ही भोकाची नाणी, ओतीव असत. साच्यातून काढल्यावर ती चौकोनी सळईवर ओवायची आणि कानशीने कडा घासायच्या. भोक चौकोनी, त्यामुळे नाणी सळईवर फिरत नसत. कानशीचे ते बारीक ओरखडे भिंगाखाली दिसतात.

दाभोळकडच्या काकांनी आणलेल्या माळेत ते दिसले. पणजोबा बोटीवर खलाशी, "चायना लाइनला", असं काका म्हणाले. चिअनलोंग या चिनी सम्राटाचं नाणं लाखांना जातं असं त्यांनी मोबाइलवर ऐकलं होतं.

चिअनलोंग (1736 ते 1795) माळेत होताच. मागे मांचू लिपी: डावीकडे 'बाओ', उजवीकडे टांकसाळीचं नाव, इथे बीजिंगच्या महसूल खात्याची. ही नाणी अमाप ओतली गेली. चांगल्या नगालाही शे-दोनशे मिळतात. काकांचा चेहरा पडला.

पण पुढची नाणी बघत गेलो तसा मीच खुर्ची ओढून बसलो. 'कान्ह हुंग' एकामागून एक निघायला लागली. म्हणजे व्हिएतनामच्या ले घराण्यातल्या राजाची, 1740 ते 1786. नाणं पातळ, अक्षरं चिनीच, त्यामुळे भले भले ती चिनी म्हणून विकतात. आणि मधेच एक 'युआनफेंग'. हे चीनच्या सोंग घराण्यातल्या एका कालखंडाचं नाव, 1078 ते 1085. वाचायचं वरून घड्याळाच्या काट्याप्रमाणे. चिअनलोंगसारखं वर-खाली, मग उजवी-डावी असं नाही. सोंगांनी ते मुख्यतः मुद्रालिपीत, म्हणजे शिक्क्यांवरच्या जुन्या लिपीत, आणि वळणदार लिपीत ओतलं. इथली अक्षरं मात्र ताठ, छापील वळणाची. असली युआनफेंग नागासाकीत ओतली जात, 1659 पासून पुढची पंचवीसेक वर्षं, खास निर्यातीसाठी. चिनी जहाजं आणि डच कंपनी ती व्हिएतनामला पोचवत. नाव सोंगांचं, तांबं जपानचं, बाजार तिसऱ्याच देशाचा!

"म्हणजे पणजोबा चीनला गेलेच नाहीत?"

"गेले असतील हो काका. पण ही माळ मला व्हिएतनामच्या सायगाव-हायफाँग बंदरांच्या बाजूची वाटते. इतकी कान्ह हुंग एकत्र म्हणजे तिकडचीच शक्यता जास्त."

त्यांना नागासाकीचं तेवढं काढून विकायचं होतं. मी नको म्हटलं. सुटं झालं की ते किरकोळ नाणं, माळेत आहे तोवर पुरावा. सुतळी सोडू नका, चिंच-लिंबू लावू नका, आणि पणजोबांचं बोटीवरचं नोकरीचं पुस्तक घरात असेल तर बघा, बोटींची नावं तरी कळतील, एवढं सांगितलं.

"पुस्तक वाळवीने खाल्लं," काका म्हणाले. "हे पत्र्याच्या डब्यात होतं म्हणून राहिलं."