एक्सपी कशाचे द्यायचे, ते आधी ठरवा

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोल-प्लेइंग गेममध्ये गोष्ट चालवणारा तो गेम मास्टर, म्हणजे जीएम. नवीन जीएम पहिल्यांदा विचारतो तो प्रश्न ठरलेला: 'एक्सपी मोजू की माइलस्टोन ठेवू?' एक्सपी म्हणजे कॅरेक्टरला मिळणारे अनुभवाचे पॉइंट, ते ठरावीक साठले की लेव्हल वाढते; माइलस्टोन म्हणजे पॉइंट न मोजता गोष्टीतला टप्पा गाठला की लेव्हल. माझ्या मते हा प्रश्न नंतरचा. त्याआधी एक्सपी कशाचे देणार हे ठरवायला हवं. ज्याचे पॉइंट मिळतात तेच खेळाडू करतात. फक्त मारामारीचे मिळत असतील तर पहारेकऱ्याशी कोणी दोन शब्द बोलत बसणार नाही, थेट तलवार काढणार.

डंजन्स अँड ड्रॅगन्स या अशाच खेळाच्या १९८१ च्या बेसिक संचात हे स्वच्छ दिसतं. एक गॉब्लिन, म्हणजे छोटा राक्षस, मारला की ५ एक्सपी, पण भुयारातून सुखरूप बाहेर आणलेल्या सोन्याच्या प्रत्येक नाण्याला १. दुसऱ्या लेव्हलला फायटरला २,००० लागायचे, थीफला १,२००, मॅजिक-युजरला २,५००. नुसत्या गॉब्लिनांवर फायटर वर न्यायचा तर त्याच्या एकट्याच्या वाट्याला चारशे यायला हवेत. त्यापेक्षा खजिना उचलून गुपचूप निघणं परवडायचं. म्हणून ते खेळाडू दाराला कान लावायचे, दोर सोडायचे, लाच द्यायचे. याच खेळाच्या पाचव्या आवृत्तीत सोन्याचे एक्सपी नाहीत आणि गॉब्लिन ५० चा झाला आहे. टेबलावर लढाया वाढल्या तर त्यात खेळाडूंचा दोष नाही.

पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांत हमखास चुकतं ते गुणकाचं. पहिल्या लेव्हलच्या चार कॅरेक्टरांसमोर चार गॉब्लिन उभे केले. प्रत्येकी ५०, म्हणजे २००. शत्रू तीन ते सहा असले की लढाई किती अवघड हे बघताना ती बेरीज दुप्पट धरायची, म्हणून ४००. चौघांची डेडली, म्हणजे जीवघेण्या लढाईची, मर्यादा प्रत्येकी १०० प्रमाणे नेमकी तेवढीच आहे, तेव्हा ही लढाई वाटते तेवढी साधी नाही. पण तो ४०० चा आकडा वजन बघण्यापुरताच. वाटायचे २००, म्हणजे प्रत्येकी ५०. नवखा जीएम ४०० वाटून मोकळा होतो आणि ३०० एक्सपीची पहिली लेव्हल सहाऐवजी तीनच लढायांत संपते. पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत चूक बरोबर उलटी होते. तिथं मध्यम लढाईचे ८० एक्सपी प्रत्येकाला पूर्ण ८० द्यायचे असतात आणि प्रत्येक लेव्हल १,००० ची. कोणी सवयीने ते चौघांत वाटले तर प्रत्येकी २० पडतात आणि एका लेव्हलला पन्नास लढाया लागतात. मग दोन-चार महिन्यांत खेळाडू गळायला लागतात, आणि जीएमला वाटतं की गोष्टच रंगली नाही.

वेगाचा हिशेब कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांची सलग गोष्ट, सुरू करण्याआधी कागदावर करावाच. पाचव्या आवृत्तीत तिसऱ्या लेव्हलला ९०० लागतात, चौथीला २,७००, पाचवीला ६,५००. म्हणजे तिसरीवरून चौथीला १,८०० हवेत. ७०० एक्सपीचा एक राक्षस चौघांनी मारला तर प्रत्येकी १७५, तेव्हा अशा अकरा लढाया. एका सेशनमध्ये, म्हणजे एका बैठकीत, दोनच लढाया बसत असतील तर सहा सेशन. आता आपल्या सोलापूरचं वेळापत्रक लावून बघा. गट पंधरा दिवसांनी रविवारी बसतो, एखादा रविवार घरी पाणी येण्याच्या पाळीत जातो, जानेवारीत गड्डा यात्रा, शिवाय एखादा खेळाडू पुण्यात नोकरीला. एका लेव्हलला तीन महिने सहज जातात. एवढा वेळ चालेल का, हे गटाला सरळ विचारा. चालणार नसेल तर राक्षस वाढवू नका, लढाईबाहेरचे एक्सपी सुरू करा.

ते कसे द्यायचे? समजा, तुमच्या गोष्टीत आपल्या सोलापूरच्या भुईकोटासारखा किल्ला आहे, बाहेर खंदक आणि एका बाजूला तलाव. पार्टी, म्हणजे कॅरेक्टरांचा गट, तिसऱ्या लेव्हलची. सेशनआधी दोन-तीन उद्दिष्टं लिहून ठेवा आणि त्यांना लढाईचेच आकडे लावा. २०१४ च्या नियमांत तिसऱ्या लेव्हलला मध्यम आव्हान प्रत्येकी १५० चं, अवघड २२५ चं. खंदक ओलांडून आत शिरणं १५०, कैद्याला जिवंत बाहेर काढणं २२५. पोहून गेले, पहारेकऱ्याला फितवलं की दरवाजा फोडला, एक्सपी तेवढेच. आणि हे आकडे खेळाडूंना आधीच सांगा. लपवून ठेवलेल्या बक्षिसाने खेळ बदलत नाही. एकच पथ्य पाळा: आत शिरण्याचे १५० दिले असतील तर त्याच दरवाजावर मारलेल्या पहारेकऱ्यांचे वेगळे देऊ नका, नाहीतर सगळे पुन्हा दरवाजाच फोडतील.

माइलस्टोनमध्ये आकडेमोड वाचते, पण 'आता बरेच दिवस झाले, घ्या लेव्हल' असं होऊ लागलं की खेळाडूंच्या दृष्टीने ती जीएमची मर्जी ठरते. टप्पा कोणता हे उघड सांगितलं तर माइलस्टोन उत्तम चालतो. मोठ्या सलग कथेला तोच बरा. मनाला येईल तिकडे भटकणाऱ्या पार्टीला मात्र एक्सपीच हवेत, कारण तिथं पुढचा टप्पा जीएमलाही माहीत नसतो.

गैरहजर खेळाडूचं काय? मी म्हणेन, पूर्ण एक्सपी द्या. जुन्या नियमांत मागे पडणं चालून जायचं. फायटरचा तक्ता २,०००, ४,०००, ८,०००, १६,००० असा दुपटीने चढायचा, त्यामुळे बाकीचे चौथीवरून पाचवीला जाईपर्यंत नवा गडी तेवढीच कमाई करून चौथीला पोहोचायचा. आज पाचव्या लेव्हलच्या पार्टीत पहिल्या लेव्हलचा विझार्ड, म्हणजे जादूगार, आणला, तर शत्रूच्या एका फायरबॉलचं, म्हणजे आगीच्या गोळ्याच्या मंत्राचं, सरासरी नुकसान २८ आणि याचे हिट पॉइंट, म्हणजे जीव, सात-आठ. वाचवणारा फासा बरोबर पडून नुकसान निम्मं झालं तरी तो आडवा. आणि ज्याला यात्रेत नंदीध्वजाच्या मिरवणुकीला जायचं आहे, त्याला त्याची शिक्षा कशाला?

पाचव्या लेव्हलची तयारी वेगळी करावी लागते. फायटरला एका वेळी दोन वार मिळतात, विझार्डला फायरबॉल, प्रोफिशियन्सी बोनस, म्हणजे फाशाच्या आकड्यात मिळवायची भर, २ वरून ३ होतो. चौथीसाठी एका दालनात दाटीने मांडलेले दहा गॉब्लिन त्या दिवसापासून एका मंत्राचे धनी. म्हणून ही लेव्हल भुयाराच्या मध्यात देऊ नका, सेशनच्या शेवटी द्या. कॅरेक्टर शीटचं काम व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर उरकून घ्या, कारण टेबलावर मंत्र निवडत बसले की अर्धा तास तिथंच जातो. हिट पॉइंट फासा टाकून घ्यायचे की ठरीव, म्हणजे दहा बाजूंच्या फाशाला ६ आणि आठ बाजूंच्याला ५, हे पहिल्याच सेशनला सगळ्यांसाठी एकदाच ठरवा. फासा टाकायचा असेल तर तो सगळ्यांसमोर टाकायचा.